लिंबूटिंबूचाही गोल मोजा

घरीच शिकणाऱ्या मुलांचा विषय निघाला की पहिला प्रश्न अभ्यासाचा येतो. त्याचे उत्तर बरेचसे तयार आहे: वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. खेळाचा प्रश्न मात्र तसाच राहतो, कारण मुलांच्या स्पर्धांची वाट आपल्याकडे शाळेच्या फाटकातून जाते. १९६० पासून चालत आलेला फुटबॉलचा सुब्रोतो चषकही शालेय संघांसाठीच आहे.

तेलंगणातल्या बेल्लमपल्लीसारख्या गावात ही अडचण आणखी वाढते. सिंगरेणीच्या कोळसा खाणींचे हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता मंचेरियाल जिल्ह्यात आहे. इथे घरी शिकणारी मुले जमवायची म्हटली, तर एकाच वयाची अकरा मिळणे कठीण. सहा वर्षांची एक, नऊ वर्षांचे दोघे, तेरा वर्षांचा एखादा, असाच मेळ बसणार. मग खेळ या मेळाला साजेसा बेतला पाहिजे.

अंगणातल्या खेळांनी यावर उपाय शोधून ठेवलाच आहे. धाकटे भावंड लिंबूटिंबू. ते धावते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते बादही होत नाही. या रिवाजात माया आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला लवकरच कळते की आपले असणे-नसणे डावात धरलेले नाही. खेळात घेणे आणि खेळात मोजणे यांत अंतर आहे, आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या फुटबॉलची खरी कसोटी तिथेच लागते.

बेल्लमपल्लीवरून जाणारी रेल्वे बल्लारशामार्गे नागपूरला पोहोचते. त्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यांच्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघर पोहोचली. ही मुले घरी शिकणारी नव्हती, त्यांचे प्रश्न कितीतरी कठोर होते. तरी घेण्याजोगी गोष्ट एकच आहे: संघात कोणाला घ्यायचे याच्या अटी आधी ठरवल्या नाहीत, समोर असलेल्या मुलांपासून सुरुवात केली. या संस्थेचे खेळाडू ज्या बेघरांच्या विश्वचषकात उतरले, तिथले मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. एका बाजूला चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्या जागेत चेंडूपासून लपणे अवघड आणि चेंडू वाट्याला न येणे त्याहून अवघड. मोठ्या मैदानावर लहानगे नुसतेच मागे धावत राहते.

नियम बदलले तर तो फुटबॉल कसला, अशी शंका कोणाला येईल. फुटबॉलच्या अधिकृत नियमावलीतच लहान मुलांच्या सामन्यांसाठी मैदान, चेंडू, गोलपोस्ट आणि वेळ बदलण्याची मुभा आहे. तेव्हा मिश्र वयाच्या गटाने चार नंबरचा चेंडू घ्यावा, हेडिंग टाळावे, गोल अरुंद ठेवून गोलकीपरच ठेवू नये. दोन कप्तानांनी एकेक गडी निवडायची पद्धत मात्र बंद करावी. शेवटी उरणाऱ्या मुलाला ती फार लागते. संघ मोठ्यांनी पाडावेत. तीन गोलांचा फरक पडला की एक गडी दुसऱ्या बाजूला जावा. लहान्याकडे चेंडू असेल तर तो अडवायला लहान्यानेच जावे, आणि थोरल्यांनी दोन स्पर्शांत चेंडू पुढे द्यावा. प्रत्येकाचा पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही, हा नियम काही जण सुचवतात. आम्हाला तो पटत नाही. त्यात लहान्याकडे चेंडू केवळ उपचार म्हणून येतो.

थोरल्यांचाही विचार हवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना जीव तोडून धावायचे असते. त्यांना सतत आवरते घ्यायला लावले तर महिनाभरात ती येईनाशी होतील. त्यांच्यासाठी शेवटची वीस मिनिटे राखून ठेवावीत. वस्तीतल्या शाळकरी मुलांनाही बोलवावे. तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू बोलणारी मुले चेंडूमागे धावताना एकमेकांची भाषा आपोआप उचलतात. उन्हाळ्यात तर खेळ सकाळी आठच्या आत संपलाच पाहिजे. इथले ऊन मुलांची परीक्षा घेण्यासारखे नाही.

भांडणे होणारच. कोलंबियातल्या मेडेयिन शहरात १९९४ मध्ये आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूची हत्या झाली. त्यानंतर तिथे पंचाशिवाय खेळायची एक रीत रुजली. मुलेमुली एकत्र खेळतात, काही नियम सामन्याआधी आपसांत ठरवतात आणि खेळ संपल्यावर ते पाळले गेले का यावर बसून बोलतात. आपल्या मुलांना ही रीत सहज जमेल. फक्त त्या बैठकीत पहिल्यांदा सर्वांत धाकट्याला बोलू द्यावे. थोरला आधी बोलला, तर बाकीचे सगळे नुसत्या माना हलवतात.