आधी बॉडी, मग (अडलंच तर) लेन्स

डीएसएलआर सोडून मिररलेस घ्यायचं ठरलं की सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. बॉडीचा हिशोब कसाबसा बसतो, पण कपाटातल्या तीन-चार लेन्सेसचं काय? दुकानदार म्हणणार, "नव्या बॉडीला नव्याच लेन्स हव्यात." त्याचं ठीक आहे हो, ईएमआय आपल्याला भरायचाय!

माझं मत सरळ आहे. पहिले सहा महिने फक्त बॉडी आणि ॲडॉप्टर. बास.

डीएसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागायची. म्हणून कॅननच्या ईएफ माउंटपासून (१९८७) सेन्सर ४४ मिमी लांब, तर आरएफमध्ये (२०१८) २० मिमी. निकॉनचं एफ माउंट (१९५९) ४६.५ मिमी, झेड (२०१८) १६ मिमी. कंपनीचा साधा ॲडॉप्टर म्हणजे हा फरक भरून काढणारी नळी. आत काच नाही, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरायचा प्रश्नच येत नाही. आपल्या भाषेत, नुसता रॅपर.

उलट एक फायदाच होतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो. दोघांत केसभर फरक पडला की ८५ मिमी एफ/१.८ च्या पोर्ट्रेटमध्ये डोळे सोडून कान शार्प! मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे ही भानगड मिटते.

अर्थात अपवाद आहेत. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते आणि निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही. म्हणजे फोकस हाताने करा. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम आरएफ बॉडीवर लावली तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, मेगापिक्सेल निम्म्याहून कमी. व्हिडिओत जुन्या मोटरची घरघर माइक पकडतो. शिवाय ॲडॉप्टरने कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटर लांब होतो. यातलं काही रोज नडत असेल तर खुशाल नवीन लेन्स घ्या.

नवीन लेन्सेस चांगल्या नसतात का? असतात की. पण खरा प्रश्न "मला कुठे अडतंय?" हा आहे. कोड ऑप्टिमाइज करण्याआधी आपण प्रोफाइलर चालवतो ना? तसंच लाइटरूममध्ये मेटाडेटा फिल्टर लावा आणि वर्षभरातले आवडलेले फोटो कुठल्या लेन्सने काढलेत ते मोजा. बहुतेक एकच लेन्स सगळं काम करत असते. बदलायचीच तर तेवढी बदला.

"आत्ता विकल्या नाहीत तर भाव अजून पडतील" असंही ऐकू येतं. पडू देत. चार लेन्सेस विकून हातात नवीन एकच आली, तर बहिणीच्या लग्नात स्टेजवरचा क्लोजअप कशाने काढणार? तो क्षण काही रीटेक देत नाही. त्यापेक्षा जुनी टेलीफोटो बॅगेत असलेली बरी.