डबा आपला, लहर सरकारची



गेल्या काही बैठकांत गावोगावचे पाईक एकच गोष्ट विचारत आहेत. रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाजवळ वॉकीटॉकी असावी, त्यासाठी गावाने वर्गणी काढून चार-सहा संच घ्यावेत, तर कोणते घ्यावेत? काही गावांनी विचारण्याआधीच घेऊन टाकले. त्यातले काही संच असे आहेत की ते वापरणाऱ्या माणसावर खटला होऊ शकतो, आणि विकणाऱ्याने हे त्याला सांगितलेले नाही. म्हणून हे संपादकीय भावावर नाही, कर्जावर नाही, हातात मावणाऱ्या एका डब्यावर आहे.

आधी गरज किती खरी आहे ते पाहू. ज्या फीडरवर शेतीची थ्री-फेज वीज अजून रात्रीच्या पाळीने येते, तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरभऱ्याला, गव्हाला, उसाला पाणी द्यायला माणूस अंधारातच दारे धरतो. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा लवकर लक्षातही येत नाही. स्टार्टरच्या पेटीला ओल असते. २०२० सालच्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्यानंतर उभ्या उसात एकट्याने शिरायला भलेभले कचरतात. घरातला कर्ता ऊसतोडीला गेला असेल, तर हेच काम मागे राहिलेली बाई किंवा म्हातारा करतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठे रुग्णालय आहे. पण साप चावलेल्या माणसाची खबर शेतातून रस्त्यापर्यंत पोचलीच नाही, तर त्या रुग्णालयाचा काय उपयोग?

मोबाईल आहे की, असे म्हणणारे भेटतात. जिथे रेंज आहे तिथे मोबाईलच वापरावा, दुसरा खर्च करू नये. बालाघाटाच्या उतारावर आणि नदीकाठच्या खोलगट रानात रेंज नसते, वीज बराच वेळ गेली की टॉवरही मुका होतो, चिखलाच्या बोटांनी काच दाबली जात नाही. शिवाय मोबाईल एका वेळी एकालाच हाक मारतो. वॉकीटॉकीवर हाक दिली की त्या चॅनलवरचे आवाक्यातले सगळे ऐकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देते, पण त्याला इंटरनेट लागते. गावात रेंजमध्ये बसलेल्या एकाने ते पाहायचे आणि रानात असलेल्या दहा जणांना एका बटणात सांगायचे. पूर आला तरी हाच उपयोग. २०२१ च्या सप्टेंबरअखेर मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पुन्हा पूर पाहिला. खालच्या अंगाला मोटारी काढायला गेलेल्या माणसाला परत बोलावण्याचे साधन हवेच.

आता संच कसा निवडायचा. मी शेतकी पदवीधर, म्हणून बियाण्याचाच दाखला देतो. पिशवीवर छापलेले उत्पन्न खोटे नसते. ते संशोधन केंद्राच्या काळ्या जमिनीत, वेळेवर पाणी देऊन काढलेले असते. आपल्या मुरमाड, कोरडवाहू रानात ते निघत नाही. वॉकीटॉकीच्या खोक्यावर छापलेले किलोमीटर त्याच जातीचे. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर, मध्ये झाड नाही, घर नाही, अशा ठिकाणचे असतात.

ही लहर बहुतेक सरळ रेषेत जाते. उभ्या माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. तिथून सपाट जमिनीवर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर. तोच माणूस माळवदावर चढला आणि संच साडेचार मीटर उंचीवर गेला, की क्षितिज साडेसात किलोमीटरवर सरकते. उलट, अंबाजोगाई गावातला माणूस आणि मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरलेला माणूस यांच्यात अंतर थोडे, पण मध्ये कडा आला की बोलणे तुटते. उभ्या उसात, विशेषतः पाऊस पडून पाने ओली असताना, आवाज फाटतो, कारण पाण्याने भरलेले पीक लहर पिऊन टाकते. दुकानदार सांगतो, जास्त वॅटचा घ्या. पण मोकळ्या आकाशातसुद्धा अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते, जमिनीलगत त्याहून जास्त. अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर गेलात म्हणून पोच दहापट होत नाही. वॅट विकत घ्यावे लागतात. उंची मात्र आपल्या गावात फुकट उभी आहे. देवळाचा ओटा, पाण्याची टाकी, शाळेची गच्ची. तिथे एक माणूस बसवला आणि त्याने इकडचा निरोप तिकडे सांगितला, तर साध्या संचावरही शिवार सांभाळता येते.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा इंग्रजांनी केले, स्वतंत्र देशाने ते जपले. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. त्यात लिहिले आहे की जनतेच्या वतीने लहरींचे मालक केंद्र सरकार. जनतेच्या वतीने मालकी म्हणजे काय, हे लेव्हीच्या काळात धान्य देणाऱ्यांना वेगळे सांगायला नको! तरी या बाबतीत थोडी ढील मिळाली आहे. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अर्ध्या वॅटपर्यंत विनापरवाना मोकळा केला. युरोपातही हाच पट्टा, हीच ताकद. त्याआधीपासून २७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा पाच वॅटपर्यंत मोकळा आहे, पण त्याची लहर अकरा मीटरची. तिला साजेसा दांडा खिशातल्या संचाला लावता येत नाही, म्हणून हातातल्या कामाला तो फारसा सोयीचा नाही.

ऑनलाईन बाजारात स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे, आकडे टिपून कोणतीही लहर पकडणारे चिनी संच या सवलतीत बसत नाहीत. त्यांच्यावर पोलीस, रुग्णवाहिका, आणखी कोणाकोणाच्या लहरीत घुसता येते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांबद्दल ऑनलाईन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि विकताना लहर व मंजुरी स्पष्ट सांगण्याची सूचना केली. याचा अर्थ असा, की तोवर शेतकऱ्याला ते न सांगताच माल विकला जात होता.

इथे काही पाईक म्हणतील, आपण तर तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचे लोक. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने बंदी असलेले एचटीबीटी कापसाचे बी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. मग परवान्याला का भ्यायचे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की ते बी आपल्या बांधाच्या आत, आपल्या जोखमीवर पेरले होते. लहरीला बांध नसतो. आपण चुकीच्या लहरीवर बटण दाबले, तर जिथे दुसऱ्या कोणाचा तरी जीव टांगणीला आहे तिथे आपला आवाज घुसतो. शिवाय सत्याग्रह जाहीर करून करायचा असतो. नकळत घेतलेला बेकायदा डबा म्हणजे सत्याग्रह नव्हे, फसवणूक झालेले गिऱ्हाईक. आणि मोर्च्यात असा संच कोणाच्या कमरेला सापडला, तर मागणी बाजूला पडून पोलिसांना आयता गुन्हा मिळतो.

तेव्हा घ्यायचा तो ४४६ मेगाहर्ट्झचा, अर्ध्या वॅटचा, आणि दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेची उपकरण-मंजुरी असलेला. मंजुरीचा क्रमांक दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो कां-कूं करू लागला तर दुकान बदला. त्यानंतर पाणी आणि धूळ. खोक्यावर ‘आयपी’ आणि दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. चारीत हात घालणाऱ्याला हाच घ्यावा. आयपी ५४ पावसाच्या शिंतोड्यांपुरता. बॅटरी किती तास चालते हा आकडा बहुतेक वेळा शंभरात पाच भाग बोलणे, पाच भाग ऐकणे आणि नव्वद भाग गप्प बसणे असा धरून काढलेला असतो. आपली माणसे इतकी गप्प बसत नाहीत, तेव्हा छापलेल्यापेक्षा कमीच धरा. किराणा दुकानात मिळणारे साधे सेलही चालतात असा संच मिळाला तर उत्तम. चार्जरची वीज आणि मोटारीची वीज एकदमच जाते. बटण मोठे हवे, आवाज पंपाशेजारी ऐकू येईल इतका हवा. आपोआप बोलणे सुरू करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर मोटारीच्या आवाजाने संच रात्रभर बोलत राहील. सगळे संच एकाच पद्धतीचे घ्या; जुन्या पद्धतीचा आणि डिजिटल एकमेकांशी बोलत नाहीत. ‘प्रायव्हसी कोड’ या शब्दाला भुलू नका. त्याने दुसऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आपला आवाज मात्र ज्याला ऐकायचा तो ऐकतोच. म्हणून बँकेची, भावाची, भांडणाची बोलणी यावर नकोत.

एकदम सहा घेऊ नका. आधी जोडी घ्या आणि जसे नवे वाण एका सरीत लावून पाहतो तसे पाहा. एक जण गावातल्या उंच जागी, दुसऱ्याने शिवारभर फिरायचे: विहिरीवर, ओढ्यात, उसाच्या मधोमध, शेवटच्या बांधावर. जिथे आवाज तुटला ती जागा गट नंबरासह वहीत लिहायची. एकदा दिवसा, एकदा रात्री, जमले तर पाऊस पडून गेल्यावर. मग किती संच आणि निरोप्या कुठे बसवायचा हे वहीच सांगेल. वापरताना दर तासाला प्रत्येकाने नाव सांगून हजेरी द्यावी. हजेरी चुकली की दोघांनी निघायचे. वीज कडाडत असताना संच हातात घेऊन मोकळ्या रानात उभे राहू नये.

आता मागणी. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर आणि हातात ४७७ मेगाहर्ट्झचा पाच वॅटचा संच असतो, ऐंशी चॅनल असतात, उंच जागी पुढे निरोप पाठवणारी केंद्रे असतात, आणि संच वापरणाऱ्याला वेगळा परवाना काढावा लागत नाही. तिथे आभाळ कोसळलेले नाही. इथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा हॅम म्हणवणाऱ्या हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवण्याचे काम केले. हॅमचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, गावातल्या पोरांनी तो जरूर काढावा. पण तो धंद्याच्या कामाला चालत नाही, म्हणून शेतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. शरद जोशी शेतीत येण्यापूर्वी टपाल खात्यात होते, बर्नच्या जागतिक टपाल संघात त्यांनी काम केले होते. निरोप वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या माणसाने शेतकऱ्याला बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागायला शिकवले. त्याच मागणीत हे कलम घालायचे आहे: शेतीकामासाठी पाच वॅटपर्यंतचा एक पट्टा विनापरवाना मोकळा करावा, आणि ग्रामपंचायतीला टाकीवर एक पुनर्प्रक्षेपण केंद्र बसवू द्यावे. ज्या सरकारला दिवसा वीज देणे जमत नाही, त्याने रात्री हाक मारण्याची मुभा तरी द्यावी.

ठरावाचा मसुदा पुढच्या जिल्हा बैठकीत मांडू. येताना ज्या गावांनी संच घेतले आहेत त्यांनी ते खोक्यासह, बिलासह आणावेत, म्हणजे कोणता ठेवायचा आणि कोणता परत करायचा हे तिथेच पाहता येईल. आणि चाचणीची वही आणा. सरकारपुढे तुटलेल्या आवाजांच्या जागा गट नंबरासह ठेवायच्या आहेत.