आधी बर्फ, मग बंदर!

महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या एप्रिल महिन्यात मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. विजेचा दर आणि कर्जाचे व्याज यांत शेतकऱ्याला जी सवलत मिळते ती कोळ्याला का मिळू नये, या प्रश्नाला कोणत्याही सरकारजवळ समाधानकारक उत्तर कधीच नव्हते. परंतु दर्जा मिळणे निराळे आणि दाम मिळणे निराळे! या दर्जाचा उत्तनच्या कोळ्याला नेमका काय उपयोग होणार, हे ठरेल ते मंत्रालयातील ठरावावरून नव्हे, तर होडी किनाऱ्याला लागल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत माशाचे काय होते त्यावरून.

मीरा रोड आणि भाईंदर येथे गेल्या काही दशकांत इमारतींचे जे अरण्य उभे राहिले, त्यात राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांना आपल्याच महानगरपालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, चौक आणि भाटेबंदर अशी मासेमारीवर जगणारी गावे आहेत याचे स्मरण बहुधा पापलेटचा भाव ऐकतानाच होते. एके काळी या भागाची ओळख दोनच गोष्टींनी होती: भाईंदरची मिठागरे आणि उत्तनचे वाळत घातलेले बोंबील. मीठ आणि ऊन हीच त्या काळची शीतगृहे होती. बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणी. तो ताजा फार वेळ टिकत नाही. म्हणून बांबूंच्या मांडवावर त्याला उन्हावाऱ्यात सुकवून वर्षभराची बेगमी करण्याची विद्या आमच्या कोळणींनी शतकानुशतके जोपासली.

या विद्येची जगाच्या बाजारात काय किंमत झाली, ते १९९७ साली दिसले. त्या वर्षी युरोपीय संघाने भारतातील मासळीच्या आयातीवर बंदी घातली. कारण सांगितले गेले स्वच्छतेचे, आणि गोठविलेल्या मासळीच्या बाबतीत ते सर्वस्वी खोटे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आमच्या अनेक कारखान्यांची त्या वेळची स्थिती अभिमान बाळगण्याजोगी खचित नव्हती. पण त्याच जाळ्यात सुका बोंबीलही सापडला. ब्रिटनमध्ये वर्षाला तेरा टनांहून अधिक बोंबील खपत असे. तो खाऊन कोणी आजारी पडल्याची नोंद तेथील आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळांकडे नव्हती. मग बंदी कशासाठी? तर, मान्यताप्राप्त शीतकरणाच्या किंवा डबाबंदीच्या कारखान्यातून आलेली मासळीच घ्यावयाची असा नियम, आणि बोंबील तर कोणत्याच कारखान्यात तयार होत नाही! तो आभाळाखाली तयार होतो. पुढे तेथील बोंबीलप्रेमींनी चळवळ केली, आमच्या वकिलातीने शब्द टाकला, तेव्हा तोड निघाली ती अशी: बोंबील खुशाल उन्हात सुकवा, मात्र त्याची बांधणी मान्यताप्राप्त केंद्रात झाली पाहिजे. सुकविणारे हात तेच राहिले, परंतु परदेशाच्या दाराची किल्ली गेली ती बांधणी-केंद्राच्या मालकाकडे.

ताज्या आणि गोठविलेल्या मासळीच्या व्यापारात हीच गोष्ट शतपटीने मोठी होऊन समोर येते. १९५३ साली कोचीनहून गोठविलेली कोळंबी प्रथम अमेरिकेला गेली. आज भारताची मासळीची निर्यात वर्षाला ६२,००० कोटी रुपयांच्या वर गेली आहे, आणि तिच्यात सुमारे सत्तर टक्के मूल्य एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे आहे. ही कोळंबी बव्हंशी आंध्रच्या तळ्यांत वाढविलेली असते. आमच्या समुद्रात जाळ्याने धरलेल्या कोळंबीला तर अमेरिकेचे दार २०१९ पासूनच बंद झाले. जाळ्यात अडकलेल्या कासवांना सुटकेची वाट ठेवणारे साधन आमच्या ट्रॉलरांवर नाही, हे त्याचे कारण. तळ्यातल्या कोळंबीवरही २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने पन्नास टक्क्यांच्या आयातशुल्काचा घाव घातला. एकाच मालावर आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या व्यापाराची गत याहून निराळी होत नाही.

न्हावा-शेवा बंदरातून जे रीफर कंटेनर रवाना होतात त्यांविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. चाळीस फुटी रीफर म्हणजे एक अजस्र फ्रिज. त्यात माल ढकलला, वीज जोडली, की झाले, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रीफर माल थंड करीत नाही; थंड केलेला माल थंड ठेवतो. उणे अठरा अंशांवर गोठविलेली पंचवीसेक टन मासळी तो महिनाभर उणे अठरावर राखील. परंतु कोमट मासळी आत गेली तर तिला गोठविण्याची शक्ती त्याच्या यंत्रात नाही. आणि गोठविण्याच्या कारखान्यालाही गेलेला ताजेपणा परत आणता येत नाही. जी मासळी होडीत दुपारच्या उन्हात पडून राहिली, ती उणे चाळीस अंशांत गोठविली तरी शिळीच गोठते. म्हणजे रॉटरडॅमच्या टेबलावरील माशाचे भवितव्य ठरते ते उत्तनच्या समुद्रात, होडीतल्या बर्फाच्या खणात. आमच्यासारख्या उष्ण हवेत एक किलो मासळीला निदान एक किलो बर्फ हवा, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे.

हा धडा नाशिकच्या द्राक्षबागायतदारांनी आधी गिरविला. १९९१ साली त्यांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ उभी केली. द्राक्षे वेलीवरून उतरल्यावर काही तासांतच त्यांतील उष्णता काढून घेणारी पूर्वशीतकरणाची केंद्रे संस्थांनी स्वतःच्या मालकीची केली. संकटे त्यांच्यावरही आली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश सापडल्याने युरोपच्या बंदरांत द्राक्षांचे कंटेनर अडकले, आणि गंमत अशी की आमच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते! २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवासाचे दहा-बारा दिवस वाढले. तरीही हा व्यापार उभा राहिला, कारण शेताजवळची थंडी शेतकऱ्याच्या हाती होती. भाव पडला तर माल दोन दिवस थांबविण्याची त्याची ऐपत होती. ही ऐपत आमच्या कोळ्याला कोठे आहे? बर्फ संपला की त्याला सांगितला जाईल तो भाव घ्यावा लागतो.

सरकारचे लक्ष मात्र साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे. वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,००० कोटींहून अधिक. त्या बंदराविरुद्ध मच्छीमारांचे जे आक्षेप आहेत त्यांचा विचार आम्ही स्वतंत्रपणे करू. परंतु जहाजे लावण्यासाठी इतका पैसा काढणाऱ्या राष्ट्राला होडीतल्या मासळीसाठी बर्फ, धुण्यासाठी स्वच्छ पाणी आणि उतरविण्यासाठी छपराखालचा ओटा पुरविणे परवडत नाही, यावर आमचा विश्वास नाही.

काही वाचक म्हणतील, निर्यात वाढली तर आमच्या ताटातले पापलेट आणखी महाग होईल. शंका रास्त आहे. परंतु पापलेट महाग झाले ते मुख्यतः समुद्रात कमी झाल्यामुळे, आणि कमी झाले ते पिल्ले धरल्यामुळे. सरकारने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरविले व लहान मासळी धरण्यावर निर्बंध घातले. ते पाळले जात नसतील तर शीतगृहे केवळ समुद्र लवकर रिकामा करण्याच्या कामी येतील, हे आम्ही कोळी बांधवांनाही स्पष्ट सांगू इच्छितो. शिवाय बर्फ काही केवळ साहेबाच्या माशासाठी नको आहे. परदेशी गिऱ्हाइकासाठी अंशाअंशाचा हिशेब ठेवावयाचा आणि भाईंदरच्या बाजारात उघड्या टोपलीवर मूठभर बर्फ शिंपडून भागवायचे, हा भेद आम्ही किती काळ सहन करणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. शेतीच्या दर्जातून मिळणारी सवलत प्रथम बर्फाचे कारखाने आणि किनाऱ्यावरील शीतगृहे यांना मिळावी. त्यांची मालकी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असावी, ठेकेदाराकडे नव्हे. आणि मीरा-भाईंदर महानगरपालिकेने आपल्या मासळीबाजारांत थंड साठ्याची सोय पुढील अंदाजपत्रकात करावी. पावसाळी बंदी दरवर्षी ३१ जुलैला संपते आणि होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. येत्या हंगामात त्या लोटल्या जातील तेव्हा उत्तनच्या धक्क्यावर काय तयार असेल, याचे उत्तर मत्स्यव्यवसाय खात्याने आजच द्यावे.