वार एक की दोन?

जुळं केळं पोरीबाळींनी खाऊ नये, जुळी होतात, हे मी लहानपणी आजीकडून ऐकलं आणि पुढे दवाखान्यात कितीतरी आज्यांकडून ऐकत आले. सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की खोलीत आधी आनंद होतो, मग चौकशी सुरू होते. काय खाल्लं होतंस? तुझ्या माहेरी कुणाला जुळी होती का? सगळे प्रश्न त्या टेबलावर झोपलेल्या बाईलाच. आजचं सदर तिच्यासाठी.

माहेरचा प्रश्न अगदीच अडाणी नाही. एका पाळीत दोन बीजं सुटली आणि दोन्ही फळली तर भिन्न जुळी होतात. म्हणजे एका वेळी वाढलेली साधी भावंडं. दोन बीजं सुटण्याचा कल बाईच्या घराण्यातून येऊ शकतो. नायजेरियातल्या योरुबा लोकांत अशी जुळी खूप, जपानात फार थोडी. एकसारख्या जुळ्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. जगात कुठेही मोजा, हजार बाळंतपणांमागे ती साधारण तीन-चारच भरतात. अपवादाची काही घराणी सोडली तर ती वंशातून येत नाहीत. एक बीज, एक शुक्राणू, त्यांचा एक गर्भ. आणि पहिल्या दोन आठवड्यांत, बहुतेकदा पाळी चुकायच्याही आधी, त्याचे दोन होतात.

अर्ध्या गर्भातून अख्खं मूल कसं होतं, हे कोडं जुनं आहे. १८९१मध्ये हान्स ड्रीश या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री साळिंदराचे दोन पेशींचे गर्भ खाऱ्या पाण्यात जोरजोरात हलवून वेगळे केले. अर्धी अर्धी पिल्लं निघतील अशी त्याची अटकळ होती. निघाली ती पूर्ण, फक्त आकाराने लहान. सुरुवातीच्या पेशीला सगळं शरीर घडवता येतं, तिच्या वाट्याला अजून हात किंवा डोळा असं ठरलेलं काम आलेलं नसतं. अमेरिकेतला नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो हा प्राणी तर प्रत्येक वेळी एकाच बीजातून चार पिल्लं देतो. त्याच्यात तो नियम आहे, माणसात योगायोग.

हा योगायोग कितव्या दिवशी घडला, यावर पुढचं बरंच ठरतं, असं आमची पाठ्यपुस्तकं सांगतात. पहिल्या तीन दिवसांत गर्भ विभागला तर दोन्ही बाळांची वार वेगळी, पिशवी वेगळी. चौथ्या ते आठव्या दिवसात विभागला तर वार एक, पिशव्या दोन. एकसारखी जुळी बहुतेक अशीच असतात. त्यानंतर वार आणि पिशवी दोन्ही एकच. तेराव्या दिवसानंतर विभागणी पुरी होत नाही आणि बाळं जोडलेली राहतात. मीही हे वेळापत्रक पाठ करूनच परीक्षा दिली. पण ते मांडलं गेलं जन्मानंतर वार आणि पडदे तपासून, उलट्या दिशेने. आईच्या पोटात गर्भ विभागताना कुणीही पाहिलेला नाही, आणि या मांडणीवर आता शास्त्रज्ञच आक्षेप घेतात. विद्यार्थ्यांना ते सिद्धांत म्हणून नव्हे, अंदाज म्हणून शिकवावं असं माझं ठाम मत आहे.

कारणाचा शोध चालू आहे. २०२१मध्ये आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की एकसारख्या जुळ्यांच्या डीएनएवर काही रासायनिक खुणा सारख्याच असतात आणि त्या मोठेपणीही टिकतात. त्या विभागणीचं कारण की तिचा मागे राहिलेला ठसा, हे ठरायचं आहे. आयव्हीएफमध्ये एकच भ्रूण ठेवूनही कधी जुळी होतात, निसर्गापेक्षा जरा अधिक वेळा. ‘एकच ठेवलं, मग दोन कशी?’ असं विचारणाऱ्या जोडप्याच्या डोळ्यांत मी संशय पाहिला आहे. डॉक्टरने लपवून दुसरं ठेवलं म्हणूनच असं होतं, असं नाही.

तेव्हा काय खाल्लं, कुणाचं माहेर, हे प्रश्न सोडून द्या. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वार एकच असेल तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या दोन्ही बाळांना जोडतात. अशा शंभर जोड्यांपैकी दहा-पंधरांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. एक सुकतं, दुसऱ्याच्या हृदयावर ताण येतो, आणि उपचार नाही झाला तर बहुधा दोघंही जातात. वेळेत कळलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात. म्हणून एक वार असलेल्या जुळ्यांना सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. जुळी दिसायला सारखी होतील का, याने इथे काही ठरत नाही. एकसारख्या जुळ्यांतही पाव ते एक तृतीयांश जोड्यांची वार वेगळी असते.

वार किती, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते चौदा आठवडे पुरे होण्याआधी. पुढे पडदे पातळ होत जातात आणि तज्ज्ञाचीही नजर फसते. तुमच्या घरात, शेजारात कुणाला जुळी असल्याचं कळलं तर तिला चौदाव्या आठवड्याच्या आत तपासणीला घेऊन जा, वार एक की दोन ते विचारा, आणि उत्तर फाइलवर लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका.