कुरळ्या केसांचा कुत्रा आणि माझा डावा हात

आमच्या घरात एक कुत्रा आहे. जातीनं पूडल, रंगानं कॉफीसारखा, म्हणून मुलीनं त्याचं नाव ठेवलं 'मोका'. माझ्या आईला ते नाव उच्चारता येत नव्हतं की उच्चारायचं नव्हतं, कोण जाणे. तिनं पहिल्याच दिवशी त्याचा 'मोगा' करून टाकला. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, तेव्हा हरकत कोण घेणार?

मुलगी बंगळूरला नोकरीला. २०२० च्या मार्चमध्ये चार दिवसांची रजा काढून ती कुत्र्यासकट फोंड्याला आली आणि टाळेबंदीत अडकली. नोकरीवर परत गेली ती दीड वर्षानं. कुत्रा मात्र राहिला. तर सांगायची गोष्ट त्या पहिल्या उन्हाळ्याची. बंगळूरला या महाशयांचे केस दर महिन्याला एका पार्लरमध्ये कापले जात. इथं पार्लर तर सोडाच, माणसांचे सलूनही बंद. मे महिना उजाडेपर्यंत त्याच्या डोळ्यांवर झापडं आली. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारायच्या, ''हें सुणें काय मेंढरूं?''

त्या दिवसांत आपण सगळेच काही ना काही व्हिडिओ बघून शिकत होतो. कुणी पाव भाजत होतं, कुणी बायकोचे केस कापत होतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्या माणसाला एक कुत्रा भादरता येणार नाही? मुलीनं लॅपटॉप सोप्यावर आणून ठेवला आणि माझं शिक्षण सुरू झालं.

आता हे व्हिडिओ कसे असतात ते सांगतो. एक टेबल असतं, त्यावर एक कुत्रा देवळातल्या दीपमाळेसारखा स्तब्ध उभा असतो. कात्री हातभर लांब. पार्श्वभूमीला संगीत. बाई बोलत बोलत कापत जातात आणि बारा मिनिटांत त्या कुत्र्याचं खेळण्यातलं अस्वल होतं. यात खोटं काहीच नसतं. फक्त त्या बारा मिनिटांआधीचे दोन तास कापलेले असतात. आंघोळ, वाळवणं आणि मुख्य म्हणजे विंचरणं! ते 'हे तुम्ही आधी करून घ्या' अशा एका वाक्यात उरकलेलं असतं. आपल्याकडे पाककृतीच्या पुस्तकांत 'वाटण तयार ठेवावे' असं लिहितात ना, तसंच. ज्याला वाटण येतं त्याला उरलेली कृती वाचायची गरज नसते.

मी आधी कुत्र्याला आंघोळ घातली. ही माझी पहिली चूक, आणि नवशिके ती हमखास करतात. कुरळ्या केसांत गुंता असताना पाणी घातलं की तो वाळताना आवळत जातो, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर होतो तसा. आधी विंचरायचं, मग धुवायचं. धुतल्यावर अगदी कातडीपर्यंत वाळवायचं, कारण आत ओल राहिली की कातडी लाल होते, चिघळते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा वाळत नाहीत, तिथं या लोकरीचं काय?

दुसरी चूक तिच्यापेक्षा मोठी. वरवर विंचरलं तर केस छान फुलून दिसतात आणि खाली कातडीलगत गुंत्याची सलग चादर तयार होत असते. बोटांनी केसांत भांग पाडून, एकेक ओळ उघडून, मुळापासून विंचरायचं असतं. तारांच्या दातांचा स्लिकर ब्रश फिरवल्यावर स्टीलची फणी कातडीला टेकवून बाहेरपर्यंत ओढून पाहायची. ती अडली तर काम झालेलं नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, पण इंग्रजीत भराभर, आणि मी पुढं कात्री कधी येते याची वाट बघत होतो.

जूनचा दुसरा आठवडा होता. मोगाच्या उजव्या कानामागे सुपारीएवढी जट झाली होती. फणीनं सुटेना. म्हटलं, एवढी कापून टाकू. जट चिमटीत धरून वर ओढली आणि खाली कात्री घातली. त्याचा आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. हाताला गरम लागलं.

झालं असं होतं की जटेबरोबर कातडीही वर ओढली गेली होती, तंबूसारखी. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ. आपल्या त्वचेच्या वरच्या पापुद्र्यात पेशींचे दहापंधरा थर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाच. केसांच्या त्या गोळ्यात केस कुठं संपतात आणि मांस कुठं सुरू होतं हे डोळ्यांना दिसतच नाही. डॉक्टरांनी चार टाके घातले. मला काही बोलले नाहीत, मशीन काढून आख्ख्या अंगावरचे केस उतरवले आणि आतल्या जटा दाखवल्या. काखेत, मांडीत, पट्ट्याखाली. दोन ठिकाणी गोचीड. गोव्यात ज्यांनी कुत्रा पाळलाय त्यांना गोचिडीच्या तापाबद्दल मी काय सांगायचं? त्या सुंदर फुललेल्या केसांखाली ते जनावर महिनाभर ओढल्या कातडीनं हिंडत होतं आणि आम्ही त्याचे फोटो काढत होतो.

मुलगी रडली. टाक्यांमुळं नाही, ते तिनं धीरानं घेतलं. तो भादरलेला, गुलाबी, उंदरासारखा देह बघून रडली. मोगा पुढचे तीन आठवडे माझ्या खोलीत आला नाही. मी ब्रश न घेता नुसता हात पुढं केला तरी तो आईच्या खाटेखाली जायचा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणी तरी घाबरतं, ही गोष्ट फार लागली.

जटेवरून आठवलं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं डोक्यावर जट वागवणाऱ्या बायका सीमाभागात आपण सगळ्यांनी पाहिल्यात. केस नीट विंचरले गेले नाहीत की गुंततात, गुंत्यात मळ साचतो, जट होते. तो देवीचा कौल मानून बाई ते ओझं वर्षानुवर्षं मानेवर वागवते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गोड बोलून, घरच्यांची भीती काढून अनेक बायकांच्या जटा काढल्या, तेव्हा मान मोकळी झाल्याचं त्या बायकांनी सांगितलंय. कुत्रा सांगत नाही एवढाच फरक. (ही तुलना कुणाला खटकली तर क्षमा असावी. मला ती दवाखान्याच्या बाकावर बसून सुचली.)

तर माझं पहिलं म्हणणं हे. अशी कुत्री विकताना 'केस गळत नाहीत' हा मोठा गुण म्हणून सांगतात. गळत नाहीत याचा अर्थ सुटलेला केस जमिनीवर न पडता कुरळ्यांत अडकून राहतो. म्हणजे जो केर आपण झाडूनं काढणार होतो तो कुत्र्याच्या अंगावर साठतो, आणि तो काढायचं काम रोजचं आहे. पार्लरला महिन्यातून एकदा नेऊन ते भागत नाही. हा केस निसर्गानं एकट्यानं घडवलेला नाही, माणसानं निवडून निवडून वाढवलाय. २००९ साली संशोधकांनी दाखवून दिलं की कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार फक्त तीन जनुकांच्या जुळवाजुळवीतून येतात. त्यातलं एक कुरळेपणाचं, एक लांबीचं. पूडल हा मुळात पाण्यात उडी मारून शिकार केलेली बदकं आणणारा कुत्रा. नावही जर्मन भाषेतल्या पाण्यात डुंबण्याच्या शब्दावरून आलेलं. छातीवर आणि सांध्यांवर केस ठेवून बाकीचे कापायचे, म्हणजे ऊबही राहते आणि पोहताही येतं, अशी त्या चमत्कारिक हजामतीमागची कथा सांगतात. पोर्तुगालच्या कोळ्यांकडेही असाच कुरळा पाणकुत्रा होता, त्याचीही मागची बाजू भादरायचे. ओबामांमुळं २००९ नंतर तो जगभर ठाऊक झाला. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे पाव राहिला, काजू राहिला, मिरची राहिली. कुत्रा तिकडेच राहिला हे बरं झालं म्हणायचं.

ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाच्या गृहस्थानं १९८९ मध्ये लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. हवाईतल्या एका अंध बाईला वाटाड्या कुत्रा हवा होता आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी होती, म्हणून. हेतू चांगलाच होता. पुढं त्या संकराची फॅशन झाली, हौशे-गवशे पैदास करू लागले आणि २०१९ मध्ये त्याच माणसानं जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. आता आपल्या शहरांतही ही वेगवेगळ्या नावांची कुरळी पिल्लं हिंडताना दिसतात. पिल्लू असताना केस मऊ असतात, गुंतत नाहीत. वर्षाच्या आसपास मोठेपणीचे केस येऊ लागले की रात्रीत जटा होतात. तेव्हा मालक व्हिडिओ शोधतो.

दुसरं म्हणणं व्हिडिओंबद्दल. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. आज मी जे करतो ते बरंचसं तिथूनच शिकलोय. पण त्यांतलं काय बघायचं, ते चुकतं. सगळा कॅमेरा उजव्या हातावर असतो, कात्री चालते त्या हातावर. काम करतो डावा हात.

हे मला कळलं ते जुन्या आठवणीवरून. लहानपणी आमच्या घरी म्हालो यायचा. सोप्यावर आम्हा भावंडांना ओळीनं बसवायचा. त्याच्या कात्रीचा आवाज आठवतो सगळ्यांना, मला त्याचा डावा हात आठवला. डोकं तो पकडायचा नाही, नुसता अंगठा कानामागे टेकवायचा, आणि आपण आपोआप मान वळवायचो. कातडी ताणून धरायची ती त्याच हातानं. कानाची पाळी दुमडून झाकायची ती त्याच हातानं. पारीसमध्ये सेन नदीच्या पाँ नफ पुलावर एके काळी कुत्र्यांचे केस कापणारे आपली पेटी घेऊन बसत, त्यांची चित्रं आहेत. त्या चित्रांतही बघा, कुत्रा कुणाच्या तरी मांडीवर दाबून ठेवलेला असतो. आपल्याकडच्या वडाखालच्या म्हाल्याची आठवण व्हावी असंच ते दृश्य.

मी व्हिडिओ परत पाहिले, या वेळी आवाज बंद करून, डावा हात बघत. तेव्हा दिसलं की बाई काखेतले केस काढताना पाय वर ओढत नाहीत, कोपर पुढं नेऊन कातडीची घडी सपाट करतात. गुंता सोडवताना केसांचं मूळ दोन बोटांत धरतात, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मशीन चालवताना मध्येच पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतात, कारण ते तापतं. यातलं काहीही त्या तोंडानं सांगत नव्हत्या. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नसणार. मग सलून उघडल्यावर मी आमच्या नेहमीच्या न्हाव्याकडे जाऊन एक तास नुसता बसलो. त्यानं हसून स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला आणि एका शाळकरी पोराच्या मानेवर मशीन कसं टेकवायचं ते दाखवलं. दाब किती, हे मला त्या एका तासात कळलं. ते कुठल्याही पडद्यावरून कळलं नसतं.

भाषेचाही एक भाग आहे. जट, गुंता, फणी, विंचरणं, भांग, भादरणं, उस्तरणं... एवढे शब्द आपल्याकडे असताना मी 'डीमॅटिंग' आणि 'लाइन ब्रशिंग' असं घोकत बसलो होतो. ज्या दिवशी मनात म्हटलं की आईनं बहिणीचे केस विंचरले तसे विंचरायचे, मूळ धरून, खालून वर गुंता सोडवत, त्या दिवसापासून मोगा कमी कुरकुरायला लागला.

आणि शेवटचं, यावर मुलीशी माझा वाद आजही आहे. केस आखूड ठेवावेत. मशीनच्या पात्यांवर आकडे असतात, आकडा जितका मोठा तितके केस बारीक. दहा नंबरनं दीड मिलिमीटर उरतात, सातनं तीनेक. पावसाळ्याआधी मी सात नंबर फिरवतो आणि चार महिने त्याला साधा, पातळ, गावठी दिसू देतो. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, ''पप्पा, काय केलंत हे त्याचं! टेडी कुठं गेला?'' मी म्हणतो, टेडी दुकानात मिळतो. ज्याला रोज वीस मिनिटं फणी धरायला जमत नाही त्यानं कुत्र्याच्या अंगावर लांब केसांची हौस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती म्हणते की हिवाळ्यात तरी वाढू द्या. हिवाळ्यात देतो.

आज दुपारी त्याला सोप्यावर घेऊन बसलो होतो. मान झाली, पाठ झाली, तीन पाय झाले. कानामागे गेलो की तो अजून अंग चोरतो. पाच वर्षं उलटून गेली. मी तिथं फणी लावत नाही, बोटांनीच सोडवतो. चौथा पाय घेतला आणि त्यानं हळूच काढून घेतला. आतून आईचा आवाज आला, ''सोड ताका आतां.'' सोडला. तीन विंचरलेले पाय आणि एक लोकरीचा, असा तो तिच्या खाटेकडे गेला. उरलेला पाय उद्या.