आग्रह कोणाचा, पाप कोणाचे?

"अन्नाची नासाडी हा श्रीमंत देशांचा माज!" असे म्हणून आपल्या सभांतून टाळ्या घेतल्या जातात. हे अर्धसत्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल पाहा. २०२२ साली जगातील घरे, उपाहारगृहे व दुकाने यांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून! श्रीमंत देश आणि भारतासारखे मध्यम उत्पन्नाचे देश यांच्या घरगुती नासाडीच्या सरासरीत माणशी वर्षाला अवघा ७ किलोचा फरक. याच अहवालात उपाशी माणसांचा आकडा आहे ७८ कोटी.

शेतापासून दुकानापर्यंत आणखी सुमारे १३ टक्के अन्न नष्ट होते. शीतगृहे, गोदामे अपुरी का, हा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण पंगतीतल्या उष्ट्याचा जाब कोणाला विचारायचा? जेवणाआधी श्लोक म्हणायचा आणि नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलेबी टाकायची, ही कसली संस्कृती?

बंधु-भगिनींनो, येत्या स्नेहभोजनापूर्वी कार्यकारिणीने ठराव करावा : आग्रह बंद, मागेल त्यालाच वाढायचे, उरलेले त्याच रात्री गरजूंच्या दारी. मग खुशाल जगाला शहाणपण शिकवू!