अजिंक्यपदाच्या यादीत कामगार कुठे आहे?



दिल्लीतल्या आमच्या रेल्वे वसाहतीत शनिवारी रात्री पोरे टीव्हीसमोर बसून इंग्लंडचा फुटबॉल पाहतात. माझा धाकटा मुलगा त्यातलाच. कोणत्या साली कोणता क्लब अजिंक्य ठरला, हे त्याला तोंडपाठ आहे. एकदा मी त्याला सहज विचारले, "आपल्या रेल्वेने देशाचे अजिंक्यपद कधी जिंकले, सांग." तो हसला. त्याला वाटले, बाबा थट्टा करताहेत. त्याचे ते हसू मला लागले, म्हणून हा लेख.

मी काही क्रीडा समीक्षक नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो आणि निम्मे आयुष्य युनियनच्या कामात गेले. पण विजेत्यांची यादी नीट वाचली तर तीत कामगारांचा इतिहास सापडतो, एवढे मला कळते.

इंग्लंडची साखळी स्पर्धा 1888 साली 12 संघांनिशी सुरू झाली. पहिले अजिंक्यपद प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने एकही सामना न हरता मिळवले. प्रेस्टन हे लँकेशायरमधले कापड गिरण्यांचे शहर. तिथल्या गिरण्या कायद्यामुळे शनिवारी दुपारी बंद होत, आणि सुटलेला कामगार थेट मैदानाकडे वळे. त्याच सुमारास आपल्या मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिली. ज्याला सुटी नाही, त्याने खेळायचे कधी?

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. ज्या मँचेस्टर युनायटेडच्या नावाचे बनियन आपली पोरे घालतात, तो क्लब 1878 साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन कामगारांनी काढला. 1902 साली त्याचे नाव बदलले आणि 1908 साली तो प्रथम अजिंक्य झाला. आर्सेनलही 1886 साली सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांनी सुरू केला. इतकेच नव्हे, खेळाडूंची युनियनही 1907 साली मँचेस्टरलाच स्थापन झाली. त्या वेळी खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, असा मालकांचा नियम होता. कमाल पगाराची ही बेडी पुढे संपाचा इशारा दिल्यावर 1961 साली तुटली. म्हणजे खेळाडूसुद्धा संघटित झाल्याशिवाय न्याय मिळाला नाही!

मात्र त्याच यादीचा शेवटचा भाग पाहा. 1888 पासून 1992 पर्यंत 23 वेगवेगळे क्लब अजिंक्य झाले. 1992 मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला, आणि 2025 पर्यंतच्या 33 हंगामांत फक्त सात क्लबांना ते पद मिळाले. पैसा वाढला, वाटेकरी कमी झाले. हे चित्र आपल्याला नवे नाही.

आता आपल्याकडे या. संतोष करंडक ही राज्यांची आणि सेवादलांची राष्ट्रीय स्पर्धा. दिल्लीने ती 1944 साली जिंकली. आणि मुला, ऐक : 1961, 1964 आणि 1966 अशी तीन वेळा ती तुझ्या रेल्वेने जिंकली. त्या सहा वर्षांत बंगाल, महाराष्ट्र व आंध्र यांच्या वाट्याला एकेकदाच आली. 1958 साली ईस्टर्न रेल्वेने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन यांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. या तिघांखेरीज दुसऱ्या संघाला ते साधायला पुढे 2019 साल उजाडावे लागले. त्या रेल्वे संघातले पी. के. बॅनर्जी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. मोठ्या क्लबांकडे न जाता ते रेल्वेकडूनच खेळत राहिले.

हे कसे घडले? कायम नोकरी, सरावाला वेळ, स्पर्धेसाठी रजा आणि वसाहतीला लागून मैदान. या चार गोष्टी होत्या, म्हणून घडले. गिरण्या-कारखान्यांतही तेच होते. 1997 साली राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता पंजाबमधील जेसीटी हा गिरणीचा संघ होता. 2006 साली मुंबईचा महिंद्र युनायटेड विजेता झाला. महिंद्रचा संघ 2010 मध्ये बंद झाला, जेसीटीचा 2011 मध्ये. 2014 पासून इंडियन सुपर लीग आली. त्या झगमगाटात गिरणी नाही, रेल्वे नाही, टपालही नाही. रेल्वे 2014 साली संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली, पण मिझोरामकडून हरली. 1966 नंतर 2025 पर्यंत तो करंडक आपल्याकडे आलेला नाही.

रेल्वेने खेळाडूंना वाऱ्यावर सोडले, असे मी म्हणणार नाही. कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 2024 मध्ये त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक आणले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण पदक आल्यावर हार घालणे सोपे असते. ट्रॅकमनच्या किंवा पोस्टमनच्या पोराला पहिली लाथ चेंडूला मारायला जागा देणे, ही खरी परीक्षा आहे.

आणि तिथेच घाव पडतो आहे. 2021 मध्ये रेल्वेची मैदाने व क्रीडासंकुले व्यापारी विकासाला योग्य आहेत का, हे तपासण्याचे काम रेल्वे भूविकास प्राधिकरणाकडे सोपवले गेले. मी पूर्वी राहत होतो त्या वसाहतीतल्या मैदानावर आधी खडी पडली, मग ठेकेदाराच्या गाड्या उभ्या राहिल्या. आम्ही दोन निवेदने दिली आणि गप्प बसलो. ही चूक माझीही आहे. बोनस, पेन्शन, रिक्त जागा यांवर आम्ही घसा कोरडा करतो. मैदानावर एकही ठराव केला नाही. मैदान गेले की ते परत येत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

म्हणून रेल्वे आणि टपाल दोन्हीकडच्या शाखांना माझी विनंती आहे. खेळाडू कोट्यातील जागा दर वर्षी आणि कायमस्वरूपी भरल्या जाव्यात, ठेकेदारीवर नाही. सरावाची सवलत कागदावर न राहता ड्यूटी चार्टवर दिसावी. वसाहतीतील मैदान युनियनला विश्वासात घेतल्याशिवाय कोणालाही दिले जाऊ नये. आणि त्यावर मुलांइतकाच मुलींचा हक्क असावा. येत्या शाखा सभेत एवढे चार ठराव घ्या. त्याआधी आपल्या वसाहतीचे मैदान कोणाच्या ताब्यात आहे, ते स्वतः जाऊन पाहून या.

न्यूटन हीथच्या कामगारांकडे आपल्यापेक्षा जास्त काही नव्हते. सुटीची दुपार होती, एक मैदान होते आणि एकमेकांची साथ होती. साथ आपल्याकडे आहे. सुटी आपल्या पूर्वजांनी लढून मिळवली. मैदान राखणे आपल्या हातात आहे.